बगळेच काढ की! लँडस्केप फोटो लक्षात राहावा म्हणून काय करायचं

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. बेळगाव जिल्ह्यात जांबोटीजवळ आत्तीच्या शेतात रोपलावणीआधीचा चिखल चालू होता, मामा पॉवर टिलर घेऊन खाचरात गोल गोल फिरत होते आणि टिलरच्या मागं पंधरा-वीस बगळे एका रांगेत चालत होते, अगदी लग्नाच्या वरातीगत. मी पळत जाऊन फोन काढला आणि फोटो मारला. आत्तीला दाखवला तर ती बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यात काय बघायचं रे?" मी म्हटलं, "अगं बगळे बघ की किती आलेत." तर ती म्हणाली, "मग बगळेच काढ की."

परत तो फोटो बघितला तेव्हा कळलं. अर्धा फोटो पांढरं आभाळ, मधे लाईटच्या तारा, डावीकडं गोठ्याचा पत्रा, लांब जंगल, कोपऱ्यात माझीच मोटरसायकल, आणि ह्या सगळ्यात कुठंतरी पांढरे ठिपके, म्हणजे ज्याच्यासाठी मी पळत गेलो तीच गोष्ट फोटोत सगळ्यात बारीक. मग बांधावर उकिडवा बसलो, फोन पाण्यापासून वीतभर वर धरला, दोन एक्सवर झूम केलं आणि मामांची पुढची फेरी यायची वाट बघितली. ह्या फोटोत आभाळ नाहीच, आभाळ फक्त पाण्यात पडलेलं, टिलरचं मागचं चाक, उडालेला चिखल आणि बगळ्यांची रांग, प्रत्येकाचं पाण्यातलं उलटं रूप धरून. तो फोटो आज पण लोक मागून घेतात. जागा तीच, फोन तोच, मधे फार तर दहा मिनिटं गेली असतील.

म्हणून माझ्या मते सगळ्यात पहिलं काम कॅमेऱ्याचं नाहीच. आपण गाडी का थांबवली, पाय का थबकले, ते एका वाक्यात स्वतःला सांगायचं, जमलं तर तोंडानं म्हणायचं. "काय भारी व्ह्यू आहे" हे वाक्य चालणार नाही, त्यात काहीच नाही. "त्या एकट्या पळसालाच ऊन लागलंय आणि मागचा डोंगर अजून काळा आहे" हे चालेल. "धुक्यातून नुसता देवळाचा कळस वर आलाय" हे चालेल. वाक्य तयार झालं की फोटोत काय हवं ते आपोआप ठरतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय नको ते ठरतं. आपण उभे असतो तेव्हा अंगाला वारा लागत असतो, मातीचा वास असतो, कुठंतरी घंटा वाजत असते, ते सगळं मिळून ती जागा आवडलेली असते. फोटोत त्यातलं काहीच येत नाही, येतो फक्त चौकटीतला उजेड. त्यामुळं सगळं कोंबायला गेलं की काहीच उरत नाही.

फोनवाल्यांना एक खास सांगणं. झिरो पॉइंट फाईव्हचं बटण डोंगर बघितला की लगेच दाबू नका. वाईड लेन्सनं लांबच्या गोष्टी अजून लांब जातात, डोळ्याला दांडगा दिसणारा येळ्ळूरचा राजहंसगड फोटोत टेकाडाएवढा होतो आणि पुढं नुसता रिकामा रस्ता पसरतो. वाईड लेन्स कधी, तर पायापाशी खरंच काहीतरी असेल तेव्हाच, जांभ्या दगडाच्या खळग्यात साठलेलं पाणी, बांधावरचं दवानं भरलेलं गवत, नांगरटीच्या ओळी. तेव्हा खाली बसायचं, चांगलं गुडघे टेकून, आणि त्या वस्तूच्या हातभर जवळ जायचं. पुढं काही नसेल तर सरळ दोन एक्स किंवा तीन एक्सवर जा. झूम लेन्समधे एकामागं एक असलेल्या डोंगररांगा एकमेकीला चिकटल्यासारख्या दिसतात, चोर्ला घाटात किंवा कणकुंबीच्या वरून सकाळी बघितलं की पहिली रांग गडद, दुसरी निळसर, तिसरी त्याहून फिकी, चौथी तर आहे का नाही अशी. हा फोटो वाईडमधे कधीच येत नाही, मी दोन वर्षं वाईडमधेच मारत होतो आणि घरी येऊन हळहळत होतो.

बटण दाबायच्या आधी फोटोच्या चारी कडांवरून एकदा नजर फिरवा. कडेनं आत घुसलेली फांदी, अर्धवट कापलेला खांब, चिप्सचं पाकीट, बघणाऱ्याचा डोळा तिथंच जातो. पाकीट असेल तर उचला, तेवढीच जागा साफ होईल. तारा असतील तर दोन पावलं डावीकडं-उजवीकडं सरकून बघा, निम्म्या वेळा तार झाडामागं लपते. आणि क्षितिज सरळ धरा, विशेष करून हिडकलच्या किंवा नविलुतीर्थच्या पाण्याचा फोटो असेल तर, धरणाचं पाणी तिरकं दिसलं की बाकी कितीही चांगलं असलं तरी फोटो गेला.

आता उजेडाचं बोलतो, खरं सांगायचं तर सगळं इथंच आहे.

पुस्तकांत, व्हिडिओत सगळीकडं गोल्डन अवर, गोल्डन अवर म्हणतात, म्हणजे सूर्य खाली असतानाचा सोनेरी उजेडाचा वेळ. हे सांगणारे बरेच जण युरोपातले नाहीतर अमेरिकेतले, तिकडं सूर्य तिरका तिरका उतरतो, त्यामुळं तो सोनेरी उजेड खरंच तासभर टिकतो. आपलं बेळगाव १६ अंश अक्षांशाच्या जरासं खाली, आपल्याकडं सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो. त्यामुळं चांगला पिवळा-केशरी उजेड आपल्याला मिळतो तो २५ मिनिटं, फार तर अर्धा तास. चहा पिऊन निघू म्हटलं की संपलं. मी कितीतरी वेळा येळ्ळूरचा चढ चढताना, अजून निम्म्यात असताना, उजेड गेलेला बघितलाय.

ह्याच्यावर एक सोपं माप आहे, त्याला कुठलं ॲप लागत नाही. हात सरळ लांब करून मूठ धरायची, अंगठ्याची बाजू वर, मुठीची खालची कड क्षितिजावर. हाताच्या अंतरावरची मूठ साधारण १० अंश मोजते आणि आपल्या भागात सूर्याला तेवढं उतरायला ४० मिनिटं लागतात. म्हणजे सूर्य एक मूठ वर असेल तर ४० मिनिटं शिल्लक, जागेवर पोचायची घाई करा. अर्धी मूठ वर आला की कॅमेरा स्टँडवर असायलाच पाहिजे. (सूर्याकडं टक लावून बघू नका, मुठीनं झाकूनच अंदाज घ्या.) डोंगर आडवा येत असेल तर तेवढा वेळ वजा करा, दरीत गाव असेल तर तिथं ऊन अर्धा तास आधीच जातं.

आणि सूर्य बुडला म्हणून लगेच किक मारू नका. वर पातळ ढग असतील तर खरा रंग बुडाल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो, खालून उजेड लागतो ना ढगांना. त्यानंतर जमीन निळी होते, घरांतले दिवे लागतात आणि आभाळाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड काही मिनिटं बरोबरीला येतात. राजहंसगडावरून बेळगाव शहर, नाहीतर घाटातल्या वळणावरचे गाड्यांचे दिवे, हे त्याच वेळचे फोटो. आपल्याकडं तो वेळ पण वीस-पंचवीस मिनिटांचाच, काळोख पटकन पडतो, म्हणून टॉर्च जवळ ठेवा, उतरताना मोबाईलचं चार्जिंग संपलेलं असतं हे अनुभवानं सांगतो.

उजेड कुठून येतो तेही बघायचं. सूर्य पाठीमागं असला की सगळं स्वच्छ दिसतं पण चपटं दिसतं, शाळेच्या ग्रुप फोटोगत. सूर्य बाजूला असला की नांगरटीच्या प्रत्येक ढेकळाला सावली पडते, बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत हे जे काय दिसतं ना, जमीन विणल्यासारखी वाटते. सूर्य समोर असला की गवताची, उसाच्या तुऱ्यांची कड चमकते, धूळ आणि धूर दिसायला लागतात. उसाचा हंगाम चालू असताना चिकोडी, रायबाग, अथणीच्या बाजूला संध्याकाळी जा, फडात कुठंतरी पाला पेटवलेला असतो, कुठं गुऱ्हाळाचा धूर असतो, ट्रॅक्टर-ट्रॉलीनं उडवलेली धूळ असते, उजेडाकडं तोंड करून उभं राहिलात तर झाडांमधून उन्हाचे पट्टे उतरलेले दिसतात. पाला जाळल्यानं जमिनीचं वाटोळं होतं हे मला मान्य आहे आणि आमच्या घरी पण त्यावरून भांडणं होतात, तरी फोटोत तो धूर काय करतो ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भर दुपारी काय? आपल्याकडं मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच राहते. उन्हाळ्यातल्या अशा दुपारी मोकळ्या माळावर कॅमेरा काढू नका, झाडाखाली झोपा. हां, पावसाळ्यातली दुपार वेगळी. काळे ढग भरलेले असताना मधेच एक फट पडते आणि उन्हाचा एकच तुकडा शिवारावरून सरकत जातो, बाकी सगळं गडद. त्या तुकड्याची वाट बघायची. तो कुठल्या दिशेनं येतोय ते बघून आधी चौकट ठरवायची, एखादं घर, एखादं झाड निवडायचं आणि ऊन त्याच्यावर आलं की दाबायचं. कधी येतं, कधी दोन शेतं आधीच विझतं. मी एकदा कणकुंबीच्या पुढं सव्वा तास छत्री धरून उभा होतो, ऊन एका कौलारू घरावर मोजून आठ-दहा सेकंद टिकलं. तेवढे पुरले.

ही अशी घाई झालेला जगातला सगळ्यात गाजलेला फोटो बहुतेक अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा. १९४१ सालचा. संध्याकाळी गाडीनं परत येताना त्याला दिसलं की लहानशा गावावर चंद्र आलाय आणि कब्रस्तानातल्या पांढऱ्या क्रूसांवर शेवटचं ऊन आहे. गाडी रस्त्याकडेला घातली, मोठा कॅमेरा लावला, आणि उजेड मोजायचा मीटर सापडेना. पण चंद्राचा पृष्ठभाग किती उजळ असतो त्याचा आकडा त्याला पाठ होता, त्यावरून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, काढलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला फिल्मचा होल्डर फिरवतोय तोवर क्रूसांवरचं ऊन गेलं. म्हणजे फोटो एकच. त्याला नंतर तारीखसुद्धा आठवेना, खगोलाच्या लोकांनी चंद्राच्या जागेवरून गणित करून १ नोव्हेंबर १९४१ अशी काढून दिली. मला ह्यात मीटर न सापडण्याचं कौतुक नाही, त्या पाठ असलेल्या आकड्याचं आहे. आपल्या कॅमेऱ्याची बटणं अंधारात चाचपून सापडली पाहिजेत, ऊन आल्यावर मेनू शोधत बसलो तर झालं.

चंद्राचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण इथं सगळे फसतात. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो, तो जरा वर येऊन छान दिसायला लागेपर्यंत जमीन काळी झालेली असते, मग फोटोत एकतर चंद्र नुसता पांढरा गोळा होतो नाहीतर खालचं देऊळ काळं ठिक्कर. म्हणून पौर्णिमेला नाही, आदल्या दिवशी जा, चतुर्दशीला. त्या दिवशी चंद्र पाऊण तासभर आधी उगवतो, जमिनीवर अजून उजेड असतो आणि दोन्ही एकाच एक्स्पोजरमधे बसतात. ॲडम्सचा चंद्र पण पौर्णिमेआधीचाच. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं की काम झालं.

आणि चंद्र मोठा हवा असेल तर तुम्ही लांब जायला हवं. आभाळात चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश, ती काही वाढत नाही. पण ज्या वस्तूशेजारी तो दाखवायचाय तिच्यापासून तिच्या उंचीच्या ११० पट लांब उभं राहिलं की वस्तू आणि चंद्र एकाच मापाचे दिसतात. म्हणजे नऊ मीटरचं शिखर असेल तर एक किलोमीटर लांब. तिथून झूम लेन्स लावायची, निदान ३०० एमएमची. हलशी, देगावची जुनी देवळं, माळावरची छोटी मंदिरं, गावाबाहेरचा एकटा पिंपळ, सगळ्याला हे गणित लागू. फक्त मधे एक किलोमीटर मोकळं शिवार पाहिजे आणि ते आपल्याकडं आहेच की भरपूर.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात उशिरा कळली, सूर्य रोज त्याच जागी मावळत नाही. हे शाळेत शिकलो होतो, फोटो काढताना विसरलो. बेळगावच्या अक्षांशावर जूनमधला सूर्यास्त आणि डिसेंबरमधला सूर्यास्त ह्यांत क्षितिजावर जवळजवळ ४९ अंशांचा फरक पडतो, म्हणजे त्याच आपल्या हिशोबानं पाच मुठी. जूनमधे वायव्येकडं सरकलेला, डिसेंबरमधे नैर्ऋत्येकडं. तुमच्या गच्चीवरून एखाद्या डोंगराच्या बरोबर खिंडीत सूर्य बुडतो असं वर्षातून फक्त दोनदा होणार, एकदा जाताना एकदा येताना. मार्चमधे एक देऊळ बघून ठेवलं, "इथं सूर्य बरोबर कळसामागं उतरतो", आणि मेमधे मित्रांना घेऊन गेलात तर सूर्य भलतीकडंच. म्हणून जागा सापडली की तारीख लिहून ठेवा. माझ्याकडं एक शंभरपानी वही आहे, त्यात नुसतं जागा, तारीख, वेळ, सूर्य कुठं होता, कुठं उभा होतो एवढंच असतं. ती वही माझ्या लेन्सपेक्षा जास्त कामाला आलीय.

आणि त्यासाठी एकच जागा धरून बसायची तयारी पाहिजे. लांबच्या ट्रिपा सगळेच करतात, एकदा जातात, दुपारी बारा वाजता पोचतात, जेवतात, फोटो मारतात, येतात. लक्षात राहणारे फोटो बहुतेक करून त्या माणसांचे असतात जी तिथं पंधराव्यांदा गेलेली असतात. आपल्या जिल्ह्यात तर पश्चिमेकडून पूर्वेकडं गेलं की देशच बदलतो, खानापूरच्या टोकाला घाटातला धो धो पाऊस, लाल जांभा, भात, काजू, जंगल, आणि अथणीकडं पाऊस बेताचाच, काळी रानं, ज्वारी, लांबच लांब सपाटी. सगळं एका वर्षात काढायला जाऊ नका. घराजवळचं एक शिवार निवडा. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात पावसाळ्यात भात, हिवाळ्यात मसूर, कोवळ्या हिरव्यापासून सोनेरीपर्यंत तेच शेत बघायला मिळतं, कापणीनंतर गंज्या, मग उघडी भेगाळलेली जमीन. आठवड्यातून एकदा, एकाच बांधावर उभं राहून वर्षभर फोटो घ्या, ह्याच्यासारखी शिकवणी कुठल्या क्लासमधे मिळत नाही.

हिडकल धरणातलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बऱ्याच जणांना माहीत असेल. धरण भरलं की ते पाण्यात जातं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की परत वर येतं. सगळे कोरडं पडल्यावर जातात आणि भिंतीला टेकून फोटो काढतात. पण मधला एक टप्पा असतो, पाणी उतरत असतं आणि देऊळ अर्धं पाण्यात अर्धं वर असतं, वाऱ्याच्या आधी सकाळी पाणी आरशासारखं असतं. ते दिवस थोडेच, आणि दर वर्षी वेगळे, पाऊस किती झाला आणि पाणी किती सोडलं त्यावर सगळं. तिथं आसपास राहणाऱ्या कुणाशी तरी ओळख ठेवा, फोन करून विचारा. मला एका कानडी अक्कांनी फोनवर सांगितलं होतं, खिडक्यांपर्यंत पाणी आलंय, आता या. मोडक्या कानडीत मी दहा वेळा आभार मानले त्यांचे.

गोकाकचा धबधबा. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, म्हणजे चांगली सोळा-सतरा मजल्यांची इमारत होईल. पण गोकाकचे फोटो बघा, निम्म्यांत तो बंधाऱ्यावरून पाणी पडल्यासारखा दिसतो. कारण त्यात माप नाही. बघणाऱ्याला एखादी ओळखीची गोष्ट पाहिजे, माणूस, गुरं, देऊळ. तिथं तर झुलता पूल आहे, काठावर चालुक्यांच्या काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ आहे. पुलावरून लाल छत्री घेऊन एक माणूस जाईपर्यंत थांबा, आणि त्या माणसाला फोटोत अगदी बारीक ठेवा, मग पाणी किती दांडगं आहे ते एका क्षणात कळतं. माणूस मोठा घेतला तर तो माणसाचा फोटो होतो. आणि जुलै ते सप्टेंबर हे पाण्याचे दिवस, तेव्हा पाणी गढूळ लाल असतं, ते एडिट करून पांढरं-निळं करू नका, तो रंग वरच्या रानातल्या मातीचा आहे, तीच त्या फोटोची ओळख. कठड्यापलीकडं मात्र जायचं नाही, शेवाळलेल्या खडकावर एक पाय घसरला की संपलं. खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात बऱ्याचदा जायला बंदी असते, गावात, वनखात्यात आधी विचारा.

पाण्यासाठी शटर किती वेळ उघडं ठेवायचं हे सगळे विचारतात. पाच-दहा सेकंद ठेवलं की पाण्याचा कापूस होतो, सुरुवातीला फार आवडतं, मग सगळे धबधबे सारखेच दिसायला लागतात. मला विचाराल तर बारीक ओढ्याला अर्धा सेकंद, पाण्याच्या धारा दिसतात पण वेग पण राहतो. गोकाकसारख्या खवळलेल्या पाण्याला उलट १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, थेंब न् थेंब उडालेला दिसला पाहिजे. अर्ध्या सेकंदाला स्टँड लागतोच, नसेल तर कॅमेरा दगडावर टॉवेल टाकून ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

बाकी सेटिंगचं फार नाही. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक) एफ ८ ते एफ ११, ह्यात बहुतेक लेन्स सगळ्यात धारदार असतात, एफ २२ वर जाऊ नका, बारीक भोकामुळं उलट चित्र मऊ पडतं. रॉमधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमधे, काढा. फोनवर असाल तर आधी लेन्स शर्टानं पुसा, खिशातल्या तेलकट काचेमुळंच अर्धे फोटो दुधाळ होतात, मग विषयावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा आणि उजेडाची पट्टी जरा खाली ओढा म्हणजे आभाळ नुसतं पांढरं होऊन फाटत नाही. धुक्यात मात्र उलटं. कॅमेऱ्याला पांढरं दिसलं की तो ते करडं करून टाकतो, त्यामुळं धुक्यात उजेड पाऊण-एक स्टॉप वाढवायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

एक फिल्टर घ्यायचा असेल तर पोलरायझर. लोक निळ्या आभाळासाठी घेतात, मी पावसाळ्यासाठी घेतला. ओल्या पानावर आभाळाची पांढरी चकाकी बसलेली असते ती तो काढून टाकतो आणि आतला हिरवा बाहेर येतो, तेरड्याच्या, अळवाच्या पानावर फिरवून बघा, डोळ्यासमोर फरक दिसतो. आभाळासाठी वापरायचा तर सूर्य तुमच्या बाजूला असायला हवा, समोर किंवा मागं असेल तर काही होत नाही. आणि पावसाळ्यात एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका, काचेवर बाष्प धरतं आणि पंधरा मिनिटं नुसतं पुसत बसावं लागतं. चोर्ल्यात माझा एक पूर्ण इंद्रधनुष्य असाच गेला. घाट चढायच्या आधीच एसी बंद आणि काच खाली.

एडिटिंगबद्दल दोन टोकाची माणसं भेटतात, एक म्हणतो हात लावणं म्हणजे फसवणूक, दुसरा हिरव्याला पोपटी करून सोडतो. ॲडम्सनं त्या चंद्राच्या फोटोचे प्रिंट वर्षानुवर्षं केले आणि सुरुवातीच्या प्रिंटमधलं फिकं आभाळ नंतरच्या प्रिंटमधे जवळजवळ काळं होत गेलं. त्यानं चंद्र आणून चिकटवला नाही, होता तोच क्षण आपल्याला कसा जाणवला तिकडं नेला. मी पण तेवढंच करतो. विषय जरा उजळ, कडा जरा गडद, बाकी रंग शेतातल्या माणसानं बघून "हां, असंच होतं" म्हणावं एवढे. मोबाईलची स्क्रीन फुल ब्राइटनेसवर ठेवून एडिट केलं की प्रिंट काळा येतो, माझा एका स्टुडिओतून असाच आला होता, बगळे सोडले तर सगळा चिखल काळा डांबर. चूक स्क्रीनची होती हे कळायला दुसरा प्रिंट लागला. आता स्क्रीन निम्म्यावर ठेवतो आणि मोठ्या प्रिंटआधी पोस्टकार्डाएवढा एक काढून खिडकीच्या उजेडात बघतो.

शेवटचं काम निवडायचं. एका सकाळी साठ फोटो होतात, त्याच दिवशी निवडू नका, त्या दिवशी थंडी, चढ, चहा सगळं अजून अंगात असतं आणि प्रत्येक फोटो भारी वाटतो. आठवडाभर बाजूला ठेवा. मग घरातल्या कुणालातरी, फोटोतलं काही न कळणाऱ्या माणसाला, दाखवा आणि काही सांगू नका, फक्त बोट कुठं जातं ते बघा. बोट लगेच तुमच्या त्या वाक्यातल्या गोष्टीवर गेलं तर तो फोटो ठेवा. बोट फिरत राहिलं, किंवा "हे कुठलं रे?" असं विचारलं, तर जागा वहीत लिहा, तारीख लिहा आणि परत जा.

ह्या महिन्यात माझी चतुर्दशी हलशीला आहे. जवळजवळ एक किलोमीटरवरची जागा पायांनी मोजून ठेवलीय, मधे एक बाभूळ आडवी येतेय, तिच्यासाठी वीस पावलं उत्तरेला सरकावं लागेल असं दिसतंय.